हळदीवरचा शोधनिबंध कसा वाचायचा

आज आपण संदर्भांबद्दल बोलणार आहोत. ते कुठे शोधायचे, आणि सापडल्यावर त्यांतल्या कशावर विश्वास ठेवायचा. उदाहरण एकच घेऊ, हळदीचं. बी.एस्सी., एम.एस्सी.च्या प्रकल्पांत ती सारखी येते, आणि तिच्याबद्दल आपल्याला सगळं आधीच माहीत आहे असं प्रत्येकाला वाटतं. अडचण तिथूनच सुरू होते.

१९९५ साली अमेरिकेत हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर पेटंट दिलं गेलं. आपल्याकडे हे घरोघरी माहीत होतं, पण पेटंट कार्यालयात आजीची साक्ष चालत नाही. तिथे छापील पुरावा लागतो, आणि तोही पेटंटच्या अर्जाआधीचा. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे प्रमुख होते. संस्थेने ३२ संदर्भ सादर केले. त्यांत संस्कृत, उर्दू, हिंदीतलं जुनं लिखाण होतं, आणि इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला १९५३ सालचा एक लेखही होता. १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. हे सगळं ग्रंथालयं धुंडाळून झालं.

आता तुमचा शोध. नुसत्या गूगलवर ‘हळदीचे फायदे’ टाकलंत तर गोळ्या विकणारे आधी भेटतील. गूगल स्कॉलर किंवा पबमेड उघडा आणि वनस्पतीचं शास्त्रीय नाव, म्हणजे कर्क्युमा लाँगा, रोमन लिपीत टाका. सोबत तुमचा नेमका प्रश्न जोडा: जखम, सूज, जिवाणू, जे असेल ते. एक चांगला निबंध हाती लागला की त्याची संदर्भसूची तुम्हाला मागे नेते. ते बहुतेक जण करतात. पण गूगल स्कॉलरवर प्रत्येक नोंदीखाली ‘साइटेड बाय’ असं लिहिलेलं असतं, त्यावर फारसं कुणी जात नाही. त्या निबंधाचा नंतर कुणी उल्लेख केला, कुणाला तोच निकाल मिळाला, कुणाला मिळाला नाही, ते तिथून कळतं. माझ्या मते पुढे जाणारा हा रस्ता जास्त मोलाचा.

भारतीय विद्यापीठांतले प्रबंध ‘शोधगंगा’वर मोफत मिळतात. त्यांतलं पूर्वसंशोधनाचं प्रकरण जरूर वाचा, पण ‘अमुक यांनी असं दाखवलं’ हे वाक्य तिथून उचलू नका. अमुक यांचा मूळ निबंध उघडा. कित्येकदा त्यात भलतंच असतं.

मूळ निबंध उघडला की पहिला प्रश्न विचारा: हे कशावर करून पाहिलं? काचेच्या बशीतल्या पेशींवर, उंदरांवर, की माणसांवर? हळदीत कर्क्युमिन असतं वजनाच्या साधारण तीन टक्के. बशीतल्या पेशींवर शुद्ध कर्क्युमिन ओततात. ते द्रव्य पाण्यात फार टिकत नाही, आतड्यातून रक्तात जेमतेम जातं, आणि स्वतःच चकाकत असल्याने चाचणीत खोटा होकारही देऊ शकतं. २०१७ मध्ये ‘जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री’त एक मोठा आढावा आला. कर्क्युमिनच्या १२०हून अधिक चाचण्या माणसांवर झालेल्या होत्या. पण खरं औषध कुणाला आणि खोटं कुणाला, हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांपासून लपवून केलेली एकही चाचणी यशस्वी झालेली नाही, असा त्या लेखकांचा निष्कर्ष होता. त्यावर आक्षेपही घेतले गेले. तेही वाचा. पण ‘हळदीने कॅन्सर बरा होतो’ असं प्रस्तावनेत ठोकून देण्याआधी वाचा! असल्या वाक्यावर विसंबून कुणी उपचार थांबवतं, आणि ते कुणीतरी आपल्याच ओळखीतलं असतं.

दुसरी गोष्ट. निबंध छापला गेला म्हणजे तो कायम उभा राहतो असं नाही. कर्क्युमिनवर भरपूर लिहिणाऱ्या अमेरिकेतल्या एका संशोधकाचे दोन डझनांहून अधिक निबंध नियतकालिकांनी मागे घेतले. आणि त्यांची पीडीएफ अजून फिरते. म्हणून निबंधाचं पान नियतकालिकाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर पाहा, आणि शीर्षक ‘रिट्रॅक्शन वॉच’च्या सूचीत टाका. ही सूची २०२३ पासून सर्वांसाठी खुली आहे. दोन मिनिटांचं काम.

पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकं ओळखायला आपल्याकडे यूजीसीची केअर यादी होती. २०२५ मध्ये ती बंद झाली. तेव्हा संपादक मंडळातली माणसं खरी आहेत का, परीक्षण तीन दिवसांत कसं उरकतं, हे आता तुम्हालाच बघायचं आहे. एआयने दिलेल्या संदर्भांचंही तसंच. नाव, वर्ष, पान क्रमांक सगळं झोकात असतं, आणि निबंध अस्तित्वातच नसतो. डीओआय क्रमांक टाकून निबंध उघडत नसेल आणि शीर्षकही कुठे सापडत नसेल, तर तो संदर्भ खोडा.

राहिला पैशांचा प्रश्न. तुम्ही सरकारी विद्यापीठात असाल तर ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’खाली जानेवारी २०२५ पासून सुमारे १३,००० नियतकालिकं उघडली आहेत. ग्रंथपालांना विचारा, लॉगिन त्यांच्याकडून मिळेल. खाजगी महाविद्यालयातल्या मुलांनी गूगल स्कॉलरवर ‘ऑल व्हर्जन्स’ बघावं. बऱ्याचदा लेखकाने स्वतःच मोफत प्रत ठेवलेली असते. तीही नसेल तर निबंधावरच्या इमेल पत्त्यावर चार ओळी लिहा: मी कोण, कुठे शिकतो, कशासाठी हवं. बरेच लेखक पीडीएफ पाठवतात, आणि कधी कधी सोबत असा एखादा नवा निबंध, जो तुम्हाला अजून सापडलेला नसतो.