हैतीत पटकी आली कुठून?

आज जाऊया हैतीला. क्यूबाच्या शेजारच्या हिस्पॅनिओला बेटाचा पश्चिम भाग म्हणजे हैती; पूर्वेला डॉमिनिकन रिपब्लिक. गुलामांनी फ्रेंचांना हरवून १८०४ साली हा देश स्वतंत्र केला. आणि गंमत बघा, १८२५ मध्ये फ्रान्सनं त्यांच्याकडेच १५ कोटी फ्रँक भरपाई मागितली! ते कर्ज फेडण्यात पिढ्या गेल्या. नळ आणि गटारं राहून गेली, त्याचं हे एक कारण.

१२ जानेवारी २०१० ला मोठा भूकंप झाला. राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये लाखो लोक तंबूंत आले. रोगराईची धास्ती तिथंच होती. पण ऑक्टोबरमध्ये पटकी, म्हणजे कॉलरा, निघाली ती दूर आर्तिबोनीत नदीच्या खोऱ्यात. त्याआधी निदान शंभर वर्षं हैतीत पटकीची नोंद नव्हती. मग आली कुठून?

मिरबाले गावाजवळ संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा तळ होता. नेपाळहून नवी तुकडी नुकतीच आली होती, आणि नेपाळमध्ये तेव्हा पटकी होती. तळावरची घाण ओढ्यात जायची, ओढा आर्तिबोनीतला मिळायचा, आणि लोक तेच पाणी प्यायचे. फ्रेंच साथरोगतज्ज्ञ रेनो पियारू यांनी साथीचा माग काढला तो या तळापर्यंत. पुढं जंतूंची जनुकीय जुळणीही नेपाळशीच झाली. माझ्या मते यात सैनिकांना बोल लावण्यात अर्थ नाही. मैल्याची सोय बघणं हे वरच्यांचं काम होतं.

आठ लाखांवर लोक आजारी पडले, सुमारे १० हजार गेले. खरं तर वेळेवर मीठ-साखरेचं पाणी किंवा सलाईन मिळालं, तर पटकीनं शंभरात एखादाही दगावत नाही. पण ते मीठ-साखर कालवायला स्वच्छ पाणी आणायचं कुठून?

पीडितांचा भरपाईचा दावा अमेरिकन कोर्टांनी फेटाळला. संयुक्त राष्ट्रांवर खटला चालत नाही म्हणे! डिसेंबर २०१६ मध्ये बान की-मून यांनी माफी मागितली आणि ४० कोटी डॉलरची योजना मांडली. जमा झाला त्यातला थोडासाच पैसा.

२०१९ नंतर साथ थांबली होती. मग सप्टेंबर २०२२ मध्ये टोळ्यांनी राजधानीतलं इंधनाचं मुख्य टर्मिनल अडवलं. डिझेल मिळेना, त्यामुळे पिण्याच्या पाण्याचा पुरवठा अडला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पटकीचे रुग्ण पुन्हा सापडले.