परोपकाराची सक्ती

(कुटुंब न्यायालयांत काम करणाऱ्या वकील-कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेले भाषण)



आपण कायदा जाणणारी मंडळी. मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवीत आलो. तेव्हा सरोगसी कायद्याची कलमे मी आपणांस समजावून सांगावीत, हे धारिष्ट्यच ठरेल. मला एकच प्रश्न मांडावयाचा आहे : या व्यवहारात श्रम कोणाचे आणि त्या श्रमांचा हिशेब कायद्याने कसा मांडला आहे?

थोडी पार्श्वभूमी सांगतो. २००५ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. परंतु त्यांना कायद्याचे बळ नव्हते. २००८ साली एका जपानी दाम्पत्यासाठी गुजरातमधील आणंद येथे मुलगी जन्मली. तिच्या जन्मापूर्वीच त्या दाम्पत्याचा घटस्फोट झाला होता. बालिकेचा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. ज्या आणंदात दूध उत्पादकांनी सहकारी संघ उभारून आपल्या मालाच्या भावावर हक्क सांगितला, त्याच आणंदातील वसतिगृहांत परक्याचा गर्भ वाढविणाऱ्या स्त्रिया राहत होत्या. त्यांना ना संघटना होती, ना भाव ठरविण्याचा अधिकार.

२००९ साली विधी आयोगाने आपल्या २२८व्या अहवालात व्यापारी सरोगसीवर बंदीची शिफारस केली. २०१५ साली परदेशी दाम्पत्यांना दरवाजे बंद झाले. पुढे २०२१ चा सरोगसी (विनियमन) कायदा २५ जानेवारी २०२२ पासून अमलात आला आणि केवळ ‘परोपकारी’ सरोगसीला मुभा राहिली.

या बंदीचे मी स्वागत केले होते, हे प्रथम कबूल करतो. देहाचा बाजार मांडला जाऊ नये, ही आपली जुनी भूमिका. रिचर्ड टिटमस यांनी १९७० साली ‘द गिफ्ट रिलेशनशिप’ या ग्रंथात, विकत घेतलेल्या रक्तापेक्षा दान केलेले रक्त समाजाला अधिक हितकारक असते, असे प्रतिपादन केले. तो विचार मी वर्गात मोठ्या आस्थेने शिकविला आहे. परंतु या कायद्याचा विचार करताना त्याच ग्रंथाने मला अडविले. टिटमस यांचा रक्तदाता अनोळखी माणसाला दान देतो. नकार दिला तर त्याला जाब विचारणारे कोणी नसते. आणि दान अर्ध्या तासात आटोपते. गर्भधारणा नऊ महिन्यांची, आणि तिच्यात जिवाला धोका असतो.

मोबदल्याविना हे दान कोण करील? मूळ विधेयकातील ‘जवळची नातेवाईक’ ही अट पुढे गळली आणि ‘इच्छुक स्त्री’ आली, हे खरे. पण अट गळली तरी घर तेच राहते. थोरल्या जावेला मूल नाही. धाकटीला एक मूल आहे आणि वय पंचवीस ते पस्तीसच्या आत आहे, म्हणजे ती कायद्याच्या चौकटीत नेमकी बसते. गर्भाशयात भ्रूण सोडण्यापूर्वी संमती मागे घेण्याचा हक्क कायद्याने तिला दिला आहे. कागदावरचा तो हक्क तिला स्वयंपाकघरात बजावता येईल काय? नात्यातील स्त्री नसेल, तर गरजू स्त्री येणार आणि पैसा टेबलाखालून जाणार. म्हणजे तिचे श्रम तेच राहतील. दाद मागण्याची सोय तेवढी जाईल.

डॉक्टरांची फी कायदेशीर, रुग्णालयाचे बिल कायदेशीर, विमा कंपनीचा हप्ता कायदेशीर, आणि रागावू नका, आपली वकिलीची फीसुद्धा कायदेशीर. जी प्रत्यक्ष गर्भ वाढविते, तिच्या वाट्याला वैद्यकीय व विहित खर्च आणि छत्तीस महिन्यांचा विमा. मोबदला घेणे तेवढे निषिद्ध! १९८२ साली आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकाम-मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, किमान वेतनाहून कमी मजुरीवर करावे लागणारे काम ही घटनेच्या २३व्या कलमाखालील वेठच होय, असे म्हटले. तो निर्णय येथे जसाच्या तसा लागू होईल, असा माझा दावा नाही. पण परिस्थितीचा रेटा हीदेखील सक्तीच असते, हा त्यामागचा विचार आपण सोडून देणार काय?

यावर कोणी म्हणेल, मोबदला द्या म्हणणे म्हणजे बाजाराला पुन्हा आमंत्रण देणे. ही शंका रास्त आहे. परंतु बाजारभाव आणि शून्य यांच्यामध्ये तिसरा मार्ग आहे. २०१७ साली संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने, बुडालेली मजुरी आणि स्वतःच्या मुलांचा सांभाळ लक्षात घेऊन भरपाई द्यावी, अशी शिफारस केली होती. ती भरपाई सार्वजनिक मंडळाने ठरवावी, सर्वांना सारखी असावी आणि दलालाविना थेट स्त्रीच्या खात्यात जमा व्हावी. दर एकच असला म्हणजे कोणाच्या गरिबीवर घासाघीस करता येत नाही.

कायदा बदलेपर्यंत आपण हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. अपत्याचे पालकत्व व ताबा यांच्या आदेशासाठी प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्यांपुढे जो अर्ज जातो, तो दाम्पत्याबरोबर त्या स्त्रीचाही असतो. माझी विनंती एवढीच : दाम्पत्याचे वकीलपत्र घेतले असेल, तर तिचे घेऊ नका. तिच्यासाठी दुसरा वकील उभा राहील आणि तो तिच्याशी एकांतात, तिच्या भाषेत, घरच्यांना बाहेर बसवून बोलेल, असा आग्रह धरा. सही करण्यापूर्वी ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक तिला त्या एका खोलीत तरी मिळाली पाहिजे.