माकंदी : लोणच्याची मुळी, डोंगराचे फूल

(वाघोडिया येथे ग्रामस्थ, कर्मचारी व शिक्षक यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



थंडीच्या दिवसांत ‘गरमर’ म्हणून जी मुळी आपण बाजारातून आणता आणि लिंबाच्या रसात व मिठात मुरवता, ती कोणत्या झाडाची, हा प्रश्न जेवताना सहसा कोणास पडत नाही. त्या वनस्पतीचे संस्कृत नाव माकंदी; मराठीत तिला मैनमूळ म्हणतात. तुळस, पुदिना आणि अंगणातला पानओवा यांच्याच कुळातील ही बहुवर्षायू वनस्पती कोरड्या, उन्हाच्या डोंगरउतारांवर रानटी वाढते.

शिक्षकबंधूंनी ती मुलांना अवश्य दाखवावी. चौकोनी खोड, समोरासमोर आलेली लवदार पाने, चुरगाळताच येणारा उग्र गंध आणि जांभळ्या-निळ्या फुलांचा तुरा, एवढ्या खुणा पुरेत. फुलाची खालची पाकळी होडीसारखी असून पुंकेसर तिच्यात विसावलेले असतात. मधमाशी त्या होडीवर उतरली की पराग तिच्या अंगास लागतात.

या मुळीची कीर्ती जगभर नेली ती मुंबईने. मुलुंड येथील हेक्स्ट कंपनीच्या संशोधन केंद्रात डॉ. सुजाता भट, डॉ. नोएल डिसूझा व त्यांचे सहकारी यांनी मुळीतून रक्तदाब उतरविणारे द्रव्य वेगळे केले व १९७७ साली त्याची रचना प्रसिद्ध केली. तेच ‘फोर्स्कोलिन’. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेतही त्याच सुमारास या मुळीवर काम चालू होते. मुलुंडच्या संशोधकांनी पुढे या कुळातील इतर वनस्पतीही तपासल्या. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार हे द्रव्य फक्त माकंदीतच आढळले. पेशीबाहेरचा संदेश आत पोचविणाऱ्या एका विकरास ते थेट चालना देते, हे १९८१ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखविले. १९९९ साली जपानमध्ये त्यापासून सिद्ध केलेल्या हृदयविकारावरील औषधास मान्यता मिळाली. वजन उतरविण्याच्या नावाखाली याच मुळीच्या गोळ्या विकल्या जातात. त्या दाव्यास भक्कम आधार नाही. रक्तदाबाचे औषध चालू असणाऱ्यांनी तर त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच घेऊ नयेत.

लोणचे काय किंवा औषध काय, दोहोंस मूळच लागते. पाने खुडली तर झाड पुन्हा फुटते, परंतु मूळ उपटले की झाडच संपते. मागणी वाढेल तसा डोंगर उघडा पडण्याचा धोका येथेच आहे.

सुदैवाने ही वनस्पती बियांवाचूनही सहज वाढते. कर्नाटक व तामिळनाडूत शेतकरी तिची रीतसर लागवड करतात. पावसाळ्याच्या आरंभी शेंड्याकडील वीतभर लांबीहून थोडी आखूड फांदी तोडावी, खालची पाने काढून ती ओलसर मातीत सावलीत लावावी. महिन्याभरात मुळे धरतात. मग बांधावर किंवा उंच वाफ्यावर लागण करावी. पाणी मात्र साचू देऊ नये, कारण मूळकुज हा या पिकाचा मोठा शत्रू आहे. साधारण पाच महिन्यांत मुळ्या काढण्याजोग्या होतात. त्या काढण्यापूर्वी पुढील वर्षासाठी चार फांद्या वेगळ्या लावून ठेवाव्यात.