पडद्यावरील अक्षर आणि दुसरीचा वर्ग

(व्याख्यानाचा संपादित मजकूर)

प्राथमिक शिक्षणाच्या अर्थशास्त्रात तिसऱ्या इयत्तेला विशेष स्थान आहे. पहिल्या दोन वर्षांत मूल वाचायला शिकते. पुढे ते वाचून शिकेल, असे पाठ्यपुस्तक गृहीत धरते. हे गृहीतक फोल ठरले की परिसर अभ्यास, गणितातील शाब्दिक उदाहरणे, पुढे विज्ञान असे सारेच विषय त्या मुलाला बंद होतात. शाळेच्या पटावर त्याचे नाव राहते, पण शिक्षण थांबलेले असते.

ग्रामीण भारतातील ‘असर’ पाहणीचे आकडे या दृष्टीने पाहावेत. शासकीय शाळांतील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण २०१८ मध्ये २०.९ टक्के होते. कोविडकाळातील शाळाबंदीनंतर, २०२२ मध्ये, ते १६.३ टक्क्यांपर्यंत घसरले आणि २०२४ मध्ये २३.४ टक्के झाले. सुधारणा निश्चित आहे, परंतु चारपैकी तीन मुले अद्याप उंबरठ्याबाहेरच आहेत. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह वाचता यावेत, असे लक्ष्य ठेवले. ते गाठण्यात ऑनलाइन साहित्याचा वाटा किती, हा आजचा विषय.

साहित्याची वानवा आता राहिलेली नाही. केंद्र शासनाचे ‘दीक्षा’ व्यासपीठ २०१७ पासून कार्यरत असून पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडद्वारे धड्याशी निगडित दृक्‌श्राव्य साहित्य उघडता येते. ‘प्रथम बुक्स’ या संस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’वर वाचनपातळीनुसार लावलेली सचित्र गोष्टींची पुस्तके आहेत. मुक्त परवान्यामुळे ती कोणालाही डाउनलोड करता येतात, छापता येतात, अनुवादितही करता येतात. अर्थशास्त्राच्या परिभाषेत हे सार्वजनिक वस्तूचे उत्तम उदाहरण होय. एका शाळेने गोष्ट वापरली म्हणून दुसरीच्या वाट्याला कमी येत नाही आणि आणखी एका वाचकासाठीचा सीमांत खर्च जवळपास शून्य असतो.

मात्र शून्य खर्चाची वस्तू उपयोगात आणण्यास लागणाऱ्या पूरक वस्तू फुकट नसतात. यंत्र, वीज, जोडणी आणि सर्वांत दुर्मीळ म्हणजे शिक्षकाचा वेळ. ‘असर’च्या २०२१ च्या पाहणीत शाळेत दाखल मुलांपैकी ६७.६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. पण त्यांतील २६.१ टक्के मुलांना तो हाताळायला मिळत नव्हता. फोन घरात असणे आणि मुलाच्या हाती असणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. अनेक योजनांच्या अहवालांत मात्र पहिलीच मोजली जाते.

या संदर्भात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी मुंबई व वडोदरा येथे केलेला, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास स्पर्धापरीक्षेच्या विद्यार्थ्यांनी मुळातून समजून घ्यावा. वडोदऱ्यात चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास, एका संगणकावर दोघे याप्रमाणे, गणिताचे खेळ देण्यात आले. गणिताचे गुण ०.४७ प्रमाण विचलनाने वाढले. भाषेत फरक पडला नाही. दुसऱ्या उपक्रमात मागे पडलेल्या मुलांचे लहान गट करून स्थानिक तरुणी, म्हणजे ‘बालसखी’, त्यांना पायाभूत वाचन व गणित शिकवत. शाळांतील सरासरी गुण ०.२८ प्रमाण विचलनाने वाढले, आणि त्यातील मोठा वाटा सर्वांत मागे असलेल्या मुलांचा होता. संगणकाचा परिणाम अधिक दिसतो हे खरे. पण बालसखीचा प्रति विद्यार्थी खर्च त्याच्या तुलनेत फारच थोडा होता. पुढे दिल्लीत वरच्या वर्गांतील मुलांवर झालेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात साडेचार महिन्यांत हिंदीच्या गुणांतही ०.२३ प्रमाण विचलनाची वाढ आढळली. तिथे संगणक प्रत्येक मुलाच्या पातळीनुसार पाठ देत होता, तसेच लहान गटांना मार्गदर्शकाची जोडही होती.

थोडक्यात, यंत्र सराव करून घेऊ शकते, पण अक्षरओळखीच्या टप्प्यावरील मुलाला जवळ बसलेले माणूस हवे असते. ‘की’ आणि ‘कि’ यांत गल्लत झाली, जोडाक्षरापाशी अडखळले, तर तिथल्या तिथे थांबवणारे कोणी हवे. चित्रफीत थांबत नाही. बडबडगीताची चित्रफीत लावली की वर्ग सुरात म्हणतो आणि शिक्षकाला वाचन झाल्याचा भास होतो. प्रत्यक्षात डोळे हलत्या चित्रावर असतात, अक्षरावर नसतात. या उणिवेवर समभाषा उपशीर्षकांचा उपाय भारतातच पुढे आला. १९९६ मध्ये अहमदाबादच्या भारतीय प्रबंध संस्थेत ब्रिज कोठारी यांनी ही कल्पना मांडली. गाण्याचा शब्द उच्चारला जात असतानाच पडद्यावर त्याच भाषेत रंगत जातो आणि कान व डोळा एकाच अक्षरावर येतात. पहिलीसाठी चित्रफीत निवडताना ही एक कसोटी लावली तरी निम्मे साहित्य आपोआप गळून पडेल.

भाषेचा प्रश्न याहून कठीण आहे. संताली ही २००३ च्या ९२ व्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत समाविष्ट झाली. तिची ओल चिकी लिपी युनिकोडमध्ये आली ती २००८ मध्ये. तोवर संगणकांमध्ये या लिपीतील मजकुराची विनासायास देवाणघेवाण व्हावी, असे प्रमाणित कूटलेखनच नव्हते. शिवाय ही भाषा राज्यागणिक बंगाली, ओडिया, देवनागरी व रोमन लिपींतही लिहिली जाते. व्यापारी प्रकाशकाला परवडणार नाही अशा या विखुरलेल्या छोट्या बाजारपेठेसाठी मुक्त परवान्याचे ऑनलाइन साहित्यच व्यवहार्य ठरते. चित्रे एकदा तयार झाली की मजकूर बदलून तीच गोष्ट दुसऱ्या भाषेत देता येते. पहिलीच्या मुलाला घरच्या भाषेतले पुस्तक मिळण्याची शक्यता अशा ठिकाणी प्रथमच निर्माण झाली आहे.

मग दोनशिक्षकी शाळेने काय करावे? जोडणी जिथे मिळते तिथे, तालुक्याच्या गावी किंवा केंद्रशाळेत, गोष्टी उतरवून घ्याव्यात. शिक्षकाने त्या आधी स्वतः वाचून वर्गाला मोठ्याने वाचून दाखवाव्यात आणि मुलांच्या हाती छापील प्रत द्यावी. ‘समग्र शिक्षा’ योजनेत प्राथमिक शाळेच्या ग्रंथालयासाठी वार्षिक कमाल ५,००० रुपयांची तरतूद करण्यात आली. खर्चाच्या अंदाजासाठी ती रक्कम धरून हिशेब करू. छपाईला पानामागे दोन रुपये मानले, तर सोळा पानी पुस्तिका ३२ रुपयांना पडते आणि वर्षाला सुमारे दीडशे प्रती होतात. दीडशे निरनिराळ्या गोष्टी छापण्यापेक्षा तीस गोष्टींच्या पाच-पाच प्रती छापणे अधिक उपयुक्त. कारण वाचनाचा गट पाच जणांचा असला, तर प्रत्येकाचे बोट स्वतःच्या ओळीवर राहते आणि शिक्षकाला ते दिसते.