न मागवलेले पार्सल

दुपारी घरात म्हातारी माणसेच असतात. पार्सलवाला येतो, साडेसातशे रुपये मागतो. वर मुलाचे नाव, म्हणून आजी डब्यातले पैसे काढून देते. मुलाने मात्र काहीच मागवलेले नसते!

टपालखात्याने १८७७ साली व्ही. पी. सुरू केली, तेव्हापासून वस्तू दारात आल्यावर पैसे मोजण्याची आपल्याला सवय आहे. सोय चांगलीच, पण दारात आले ते सोडवून घेतलेच पाहिजे, असे कोणी सांगितले? आधी मुलाला फोन लावा. नाही लागला, तर "नको" म्हणा. पार्सल परत जाईल. आणणाऱ्याची भीड कशाला?

कधी वस्तू आधी येते अन् बिल मागून. सोबत चिठ्ठी, 'आठ दिवसांत न कळवल्यास पसंत समजू.' समजेना का! १८७२च्या करार कायद्याप्रमाणे तुमचे नुसते गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे. मात्र त्याच कायद्याचे ७०वे कलम असे की, फुकट म्हणून न दिलेल्या वस्तूचा लाभ घेतलात, तर मोबदला द्या, नाहीतर वस्तू परत करा. तेव्हा साडी आली तर घडी मोडू नका. आणि गुरुजी, न मागवलेल्या पुस्तकावर शाळेचा शिक्का मारून ते नोंदवहीत चढवू नका. 'मागवलेले नाही, आपल्या खर्चाने घेऊन जावे' असे पत्र टाका, नक्कल जपून ठेवा. तरीही तगादा थांबला नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे तक्रार नोंदवा.