चलन कोणाच्या हाती?
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



चलन हा विषय कार्यकर्त्यांना रूक्ष वाटतो. भाववाढ, रोजगार, जमीन या प्रश्नांवर सभा भरतात; नोट कोणी काढावी या प्रश्नावर भरत नाहीत. तथापि श्रमिकाच्या घामाचे मोल ज्या मापाने मोजले जाते, ते माप कोणाच्या हाती असावे हा प्रश्न वेतनाच्या प्रश्नाइतकाच मूलभूत आहे. आज हे माप कागदावरून मोबाईलवर येत आहे. आणि या स्थित्यंतराच्या गडबडीत त्याची मालकी गुपचूप बदलून जाण्याचा धोका उत्पन्न झाला आहे.

१८ जुलै २०२५ रोजी अमेरिकेत ‘जीनियस’ या नावाचा कायदा झाला. ‘स्टेबलकॉइन’, म्हणजे स्थिर मूल्याचे डिजिटल नाणे, खाजगी कंपन्यांनी कोणत्या अटींवर काढावे हे त्याने ठरविले. व्यवहार वरकरणी सरळ आहे. ग्राहक कंपनीला एक डॉलर देतो. कंपनी त्याला एक डिजिटल नाणे देते आणि मागताक्षणी डॉलर परत करण्याचे वचन देते. मिळालेला डॉलर तिने मुख्यतः रोख, बँकठेवी किंवा अमेरिकन सरकारचे अल्पमुदतीचे रोखे यांत ठेवावयाचा. रोख्यांवर व्याज मिळते, ते कंपनीचे. नाणे काढणाऱ्या कंपनीने धारकाला व्याज देऊ नये, असे तर कायदाच सांगतो! याचा अर्थ असा की, सामान्य माणसे कंपनीला बिनव्याजी कर्ज देतात आणि कंपनी तोच पैसा सरकारला व्याजाने देते. या धंद्यातील सर्वांत मोठ्या टेदर कंपनीने २०२४ या एका वर्षात १३ अब्ज डॉलरहून अधिक नफा जाहीर केला. त्याचा मोठा भाग अशा रोख्यांतूनच आलेला होता.

आणि वचनाचे काय? मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली, तेव्हा सर्कल कंपनीच्या ‘यूएसडीसी’ नाण्यामागचे सुमारे ३.३ अब्ज डॉलर तेथे अडकले. डॉलरच्या बरोबरीचे म्हणविले जाणारे नाणे दोन दिवसांत ९० सेंटांच्याही खाली घसरले. ते सावरले ते कंपनीच्या कर्तबगारीमुळे नव्हे. अमेरिकन सरकारने त्या बँकेतील सर्व ठेवींची हमी घेतल्यामुळे. नफा खाजगी आणि जोखीम सार्वजनिक, हा भांडवलशाहीचा जुनाच हिशेब येथे नव्या वहीत मांडला गेला आहे.

मुंबईला हा इतिहास अपरिचित नाही. १८४० मध्ये स्थापन झालेल्या बँक ऑफ बॉम्बेला स्वतःच्या नोटा काढण्याचा अधिकार होता. १८६१ च्या कागदी चलन कायद्याने तो अधिकार सरकारकडे गेला. परकीय सरकारने हे लोकहिताच्या कळवळ्याने केले, असे मुळीच नाही. परंतु परिणाम ध्यानात घेण्याजोगा आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव भडकले, मुंबईत शेअरांचा सट्टा उसळला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच तो कोसळला. सट्टेबाजांना सढळ हाताने कर्जे देणारी ही बँक १८६८ मध्ये बुडाली. भागधारकांचे भांडवल गेले. लोकांच्या हातातील नोट मात्र बुडाली नाही, कारण ती त्या बँकेची उरलेलीच नव्हती. चलन ही सार्वजनिक संस्था असावी, या म्हणण्यामागे असा रोकडा अनुभव आहे.

मग सरकारनेच डिजिटल नाणे काढले म्हणजे प्रश्न सुटला काय? येथे दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहिली पाहिजेत.

अमेरिकेतील वायोमिंग हे राज्य समाजवादाच्या जवळपासही फिरकणारे नाही. तरीही त्याने २०२३ मध्ये कायदा करून एक आयोग स्थापला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये राज्याच्या नावाने स्थिरमूल्य नाणे जाहीर केले. काढलेल्या नाण्यांपेक्षा राखीव निधी दोन टक्के अधिक असावा, असे बंधन त्याने स्वतःवर घालून घेतले आणि निधीवरील व्याज शाळांसाठी असलेल्या निधीकडे वळविण्याची तरतूद केली. खाजगी कंपनीच्या तिजोरीत जाणारे तेच व्याज मुलांच्या शिक्षणाकडे जाऊ शकते, एवढे तरी त्यावरून सिद्ध होते.

दुसरे उदाहरण व्हेनेझुएलाचे, आणि ते समाजवाद्यांनी डोळे उघडे ठेवून पाहावे असे आहे. समाजवादाचे नाव घेणाऱ्या मादुरो सरकारने फेब्रुवारी २०१८ मध्ये तेलसाठ्यांचा आधार सांगून ‘पेट्रो’ हे डिजिटल चलन काढले. विरोधकांचे बहुमत असलेल्या संसदेने ते बेकायदा ठरविले. सरकारने ते जुमानले नाही. हिशेब कधी खुला झाला नाही आणि बाजारात पेट्रोवर कोणाचा विश्वास बसला नाही. २०२३ मध्ये तेलविक्री व डिजिटल चलन या व्यवहारांतील भ्रष्टाचाराची चौकशी सुरू होताच तेलमंत्र्याला राजीनामा द्यावा लागला, आणि जानेवारी २०२४ मध्ये पेट्रो गुंडाळण्यात आला. सरकारी मालकी आणि लोकांची मालकी या दोन गोष्टी एक नव्हेत. त्यांना जोडणारा दुवा म्हणजे कायदा, खुला हिशेब आणि प्रश्न विचारणारी संसद. हा दुवा तुटला की सरकारी शिक्का हा केवळ शिक्का उरतो.

भारतालाही हा धडा नवा नाही. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री चलनातील ८६ टक्के मूल्याच्या नोटा एका घोषणेने रद्द झाल्या आणि रोजंदारीवर जगणारी माणसे बँकांच्या दारांत रांगा लावून उभी राहिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रुपयाविषयीच्या ग्रंथात चलन राज्यकर्त्यांच्या मर्जीवर सोडू नये, त्याला पक्की मर्यादा असावी, असा आग्रह धरला होता. त्या आग्रहाचा अर्थ २०१६ नंतर वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

या पार्श्वभूमीवर डिजिटल रुपयाकडे पाहावे. २०२२ च्या वित्त कायद्याने रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात दुरुस्ती होऊन ‘नोट’ या शब्दात डिजिटल रूपाचाही समावेश झाला आणि १ डिसेंबर २०२२ पासून सामान्य ग्राहकांसाठी प्रायोगिक वापर सुरू झाला. हे खाजगी कंपनीचे वचन नव्हे. नोटेप्रमाणेच रिझर्व्ह बँकेचे थेट देणे आहे. एवढ्यापुरते त्याचे स्वागतच केले पाहिजे.

परंतु कागदी नोटेत नसलेली एक शक्ती या रुपयात आहे. तो कशावर खर्च व्हावा हे आधीच ठरवून देता येते. दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या शेतकऱ्याला दिलेले कर्ज बियाणे, खते अशा वस्तूंवरच खर्च व्हावे, असे प्रयोग झालेले आहेत. हेतू चांगला असेल. परंतु कामगार चळवळीने येथे आपला इतिहास आठवावा. आसामच्या चहामळ्यांत मजुरांना टोकन देत. मळ्याबाहेर त्याला किंमत नसे. म्हणून मजूरही मळ्याबाहेर जाऊ शकत नसे. १९३६ च्या वेतन कायद्याने वेतन चालू नाण्यांत किंवा नोटांतच दिले पाहिजे असा दंडक घातला, तो अशा प्रथांना मूठमाती देण्यासाठीच. २०१९ च्या वेतन संहितेने इलेक्ट्रॉनिक मार्गही मान्य केला आहे. म्हणून आताच स्पष्ट झाले पाहिजे की, कमावलेल्या पैशावर ‘येथे चालेल, तेथे चालणार नाही’ अशी अट कधीही लादली जाणार नाही. अटींनी बांधलेला पैसा म्हणजे पुन्हा तेच टोकन होय.

राहता राहिला रोजच्या देवघेवीचा प्रश्न. २०१६ मध्ये सुरू झालेली यूपीआय ही व्यवस्था रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली उभी राहिली. ऑगस्ट २०२५ मध्ये तिच्यावरून एका महिन्यात २००० कोटींहून अधिक व्यवहार झाले. रस्ता असा सार्वजनिक. पण त्यावरील वाहतुकीचा ८० टक्क्यांहून अधिक भाग फोनपे आणि गूगल पे या दोनच कंपन्यांच्या हातात एकवटला. कोणत्याही एका कंपनीचा वाटा ३० टक्क्यांपेक्षा अधिक नसावा, हा नियम २०२० मध्येच जाहीर झाला होता. मोठ्या कंपन्यांना त्याच्या पूर्ततेसाठी दिलेली मुदत आधी २०२४ अखेरपर्यंत आणि नंतर २०२६ अखेरपर्यंत लांबविण्यात आली. छोट्या माणसाच्या बाबतीत मात्र यंत्रणा एवढी सबुरी दाखवीत नाही. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयवरील जमा रकमांच्या आधारे हजारो लहान व्यापाऱ्यांना कराच्या नोटिसा गेल्या. बेंगळुरूत कित्येक दुकानांवर ‘फक्त रोख’ अशा पाट्या लागल्या, आणि मग राज्य सरकारला माघार घ्यावी लागली. भाजी विकणाऱ्या बाईची पै न् पै दिसते आणि कंपनीची मक्तेदारी मात्र दिसत नाही, हा दृष्टिदोष तंत्राचा नव्हे. तो सत्तेचा आहे.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. स्थिरमूल्य नाणी काढण्याचा अधिकार खाजगी कंपन्यांना देऊ नये. डिजिटल रुपयाच्या अटी परिपत्रकांनी नव्हे, तर संसदेत चर्चा होऊन ठराव्यात. लहान रकमांच्या व्यवहारांना नोटेइतकीच गुप्तता मिळावी. वेतन, पेन्शन आणि मदत यांच्या खर्चावर कोणतीही अट नसावी. रोख रक्कम स्वीकारली जाण्याचा हक्क अबाधित राहावा. आणि ३० टक्क्यांची मर्यादा आणखी मुदतवाढ न देता अंमलात यावी.

हे काम तज्ज्ञांवर सोपवून भागणार नाही. बाजारपेठेत, गिरणीच्या दारात, बचतगटांच्या बैठकीत हा विषय साध्या भाषेत पोचविला पाहिजे. १९६९ मध्ये बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले ते ‘पैसा कोणाचा’ हा प्रश्न लोकांच्या तोंडी आला म्हणून. पैशाचे रूप आता बदलले आहे. प्रश्न तोच आहे.