जाड्या-रड्या दीडपट स्पीडवर बघू नका

मागच्या एपिसोडनंतर दोघातिघांनी मेसेज करून विचारलं, की तू ‘जुने कॉमेडी सिनेमे’ म्हणतोस आणि दर वेळी ऐंशीच्या दशकात जाऊन थांबतोस, असं का? ठीक आहे. आज जरा जास्तच मागे जाऊ या. साल १९३७, अमेरिका, लॉरेल आणि हार्डी.

घरातल्या मोठ्या माणसांना विचारलंत तर लॉरेल-हार्डी हे नाव कदाचित पटकन लक्षात येणार नाही. ‘जाड्या-रड्या’ म्हणा, लगेच चेहरा खुलेल. जाड्या म्हणजे ऑलिव्हर हार्डी, टाय बोटांनी फडफडवणारा आणि वैतागला की थेट कॅमेऱ्यात, म्हणजे आपल्याकडे बघणारा. रड्या म्हणजे स्टॅन लॉरेल, डोक्यावरचे उभे केस खाजवणारा आणि बारक्या पोरासारखा तोंड वाकडं करून रडणारा.

आणि तुम्ही त्यांना पाहिलंय, पैज लावतो. ती रील आठवा. हॅट घातलेले दोन जण एका बारच्या दारात नाचतायत आणि मागे कुठलंतरी भलतंच गाणं लावलंय. कधी डिस्को, कधी भांगडा. काहीही लावा, पावलं बसतात! मीही ती रील दहा वेळा फॉरवर्ड केलीय. हा तुकडा एका सिनेमातला आहे आणि त्याला स्वतःचं एक गाणं आहे, हे डोक्यातच आलं नव्हतं.

तो सिनेमा म्हणजे ‘वे आउट वेस्ट’. एका रात्री ऑफिसचं काम संपवून मी तो लावला. फोनवर, इयरफोन घालून आणि सवयीने दीडपट स्पीडवर. आम्ही आयटीवाले ट्युटोरियल तसेच बघतो, मग हळूहळू सगळंच तसं बघायला लागतो. सिनेमा तासाभराचाच आहे, माझा पाऊण तासात संपला. खरं सांगू? मी एकदाही हसलो नाही. ‘ओव्हररेटेड’ अशी नोटही लिहून ठेवली होती. हा एपिसोड त्या नोटवरच होणार होता.

मग दिवाळीत सांगलीला घरी गेलो. माझं आणि बाबांचं बोलणं म्हणजे फोनवर दीड मिनिट. जेवलास का, पाऊस आहे का, घे आईशी बोल. भांडण वगैरे काही नाही, विषयच नसतो. त्या दिवशी टीव्हीला फोन जोडून दाखवत होतो, तर हिस्टरीत तो सिनेमा दिसला. बाबा म्हणाले, “अरे, हे जाड्या-रड्या ना? लाव की.” लावला. रिमोट बाबांच्या हातात, त्यामुळे स्पीड साधा.

आणि तोच सिनेमा वेगळाच निघाला हो!

काय होतं बघा. जाड्यावर काहीतरी आपत्ती येते. तो लगेच पुढचं वाक्य बोलत नाही. थांबतो, आपल्याकडे बघतो, बराच वेळ बघतो. एकट्याने फोनवर बघताना मला ती जागा रिकामी वाटली होती. घरी त्या जागेत बाबा हसत होते, त्यांना बघून आई हसत होती, आणि हसणं ओसरलं की बरोब्बर तेव्हा पुढचं वाक्य यायचं. हा योगायोग नाही. हॅल रोच यांच्या स्टुडिओत हे सिनेमे आधी साध्या प्रेक्षकांना दाखवून बघायचे आणि हशा कुठे येतो, किती वेळ टिकतो, त्यावरून संकलन करायचे. त्यात लॉरेलचं स्वतःचं बारीक लक्ष असायचं. आमच्या भाषेत तो बफर आहे. प्रेक्षकांच्या हसण्यासाठी मुद्दाम सोडलेला. मी दीडपट स्पीड लावून तोच कापला होता.

आता त्या नाचाकडे येऊ. गोष्ट साधी आहे. दोघं ब्रशवुड गल्च नावाच्या गावात आलेत, एका मुलीला तिच्या वडिलांच्या सोन्याच्या खाणीची कागदपत्रं द्यायला. येताना घोडागाडीत जाड्याने एका बाईशी उगाच गप्पा मारल्या. ती निघाली शेरीफची बायको. शेरीफने दम दिलाय, पुढच्या गाडीने गाव सोडा. म्हणजे डोक्यावर टांगती तलवार. आणि तेवढ्यात बारच्या पायऱ्यांवर बसलेले चार गायक, अ‍ॅव्हलॉन बॉईज, गायला लागतात. हे दोघं ऐकतात. आधी नुसती मान हलते, मग पाय. मग एकमेकांकडे बघत दोघं सुटतात.

रीलमध्ये हे सगळं गायब असतं, थेट नाच सुरू होतो. सिनेमात तो हळूहळू अंगात शिरतो. आणि दोघं तो चांगला नाचतात. कोणी पडत नाही, कोणाच्या पायावर पाय पडत नाही, केळीची साल नाही. ज्यांना दार धड उघडता येत नाही, त्यांना दोनेक मिनिटं सगळं जमतं. मला वाटतं, म्हणूनच तो नाच इतका धरून ठेवतो. तो विनोद नाहीच आहे. विनोदाला दिलेली सुट्टी आहे. (नीट बघाल तर मागचा रस्ता पडद्यावर प्रोजेक्ट केलेला आहे, ते दोघं त्याच्यापुढे नाचतायत. बाबांना हे दाखवायला गेलो तर म्हणाले, “गप बस, बघू दे.”)

त्यांच्यामागचं खरं गाणं १९१३ चं आहे, जे. ल्यूब्री हिल या कृष्णवर्णीय संगीतकाराचं. म्हणजे सिनेमा आला तेव्हाच ते चोवीस वर्षं जुनं होतं. आपण आज एखाद्या सिनेमात शाळेतल्या दिवसांचं गाणं लावावं, तसं.

दुसरं गाणं बारच्या आत. तेही १९१३ चंच, ‘द ट्रेल ऑफ द लोनसम पाइन’. जाड्या गातो, आणि काय गातो! गोड, हलका आवाज. हार्डीचा तो स्वतःचा आवाज आहे. जॉर्जिया राज्यातला हा मुलगा लहानपणापासून गायचा, गाणं शिकलाही होता. अठराव्या वर्षी मिलेजव्हिल गावच्या थिएटरात नोकरीला लागला, मशीन चालवण्यापासून तिकिटं विकण्यापर्यंत सगळं करायचा. पडद्यावरची कॉमेडी बघून त्याला वाटलं, याच्यापेक्षा बरं मला जमेल. मग फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलला गेला. तिथे गाणंही गायला आणि सिनेमातही शिरला.

तर तो गातोय, रड्या साथ देतोय आणि अचानक रड्याच्या तोंडून खर्जातला, विहिरीतून यावा तसा आवाज येतो. तो त्या चार गायकांपैकी चिल विल्सचा आवाज आहे. जाड्या चिडत नाही. बारवाल्याकडून लाकडी हातोडा मागून घेतो आणि रड्याच्या डोक्यात घालतो. पुढची ओळ रड्या बाईच्या नाजूक आवाजात गातो. तो सिनेमातल्या नायिकेचा, रोझिना लॉरेन्सचा आवाज. ओळ पूर्ण करतो आणि मगच आडवा होतो. हे हसू येतं कारण आधीचं गाणं खरंच सुंदर झालंय. गाणं टुकार असतं तर हातोड्याला काही किंमत नव्हती. संगीत हा इथे विनोदाचा पाया आहे, मधे चिकटवलेला तुकडा नाही.

याची एक गंमत. हेच गाणं १९७५ साली ब्रिटनमध्ये रेकॉर्ड म्हणून निघालं आणि यादीत दुसऱ्या नंबरपर्यंत गेलं. हार्डी १९५७ मध्ये गेला होता, लॉरेल १९६५ मध्ये. पहिल्या नंबरावर होतं क्वीनचं ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’. त्याच्यासमोर हरण्यात काही लाज नाही.

त्यांचे सगळे संगीतपट असे नाहीत, हेही सांगतो. रोचने त्यांना जुन्या ऑपेरांतही घातलं. ‘द डेव्हिल्स ब्रदर’ (१९३३) ओबेरच्या ‘फ्रा डियाव्होलो’वर आहे. नायकाची प्रेमगीतं लागली की चहा करून या, पण रड्या दारू पिऊन हसत सुटतो तो प्रसंग चुकवू नका. त्यातच त्याचा तो हाताचा खेळही आहे. दोन्ही गुडघ्यांवर चापट, मग एक हात नाकाला आणि दुसरा कानाला, परत चापट, मग हात बदलून. करून बघा, मीटिंगमध्ये नको. ‘बेब्स इन टॉयलँड’ (१९३४) लहान मुलांबरोबर बघण्यासारखा. यात खेळण्यांच्या कारखान्यात एक फुटाचे सहाशे सैनिक हवे असतात, हे सहा फुटांचे शंभर बनवून ठेवतात. रिक्वायरमेंट चुकीची वाचणं म्हणजे काय ते तिथे बघा. ‘द बोहेमियन गर्ल’ (१९३६) मधला रड्या नळीने बाटल्या भरतो तो भाग सोडला, तर जिप्सी म्हणजे चोर हे चित्रण आज खटकतं. ‘स्विस मिस’ मला आवडला नाही.

‘वे आउट वेस्ट’मध्ये एक प्रसंग आहे. कागदपत्रं रड्याच्या शर्टात आहेत आणि ती काढून घ्यायला बारमधली गायिका त्याला गुदगुल्या करते. तो हसतो, हसतो, हसून हसून अर्धमेला होतो. संवाद जवळजवळ नाहीतच. बाबांनी चष्मा काढून डोळे पुसले. आई हातात झारा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी. बाबांना मी असं हसताना शेवटचं कधी पाहिलं होतं, आठवेना. शेवटी दोघं ओढा ओलांडायला निघाले तेव्हा ते आधीच म्हणाले, “आता जाड्या पडणार बघ खड्ड्यात.” पडला. सुरुवातीलाही तिथेच पडला होता.

आता मी पुण्यात, ते सांगलीत. रविवारी रात्री फोन स्पीकरवर ठेवतो, दोन्हीकडे सिनेमा लावतो, एक-दोन-तीन म्हणून प्ले. कितीही प्रयत्न केला तरी बाबांचा सिनेमा दोन सेकंद मागेच राहतो. म्हणजे मी हसून गप्प होतो आणि मग तिकडून त्यांचं हसू येतं. सिंक करायचं एक अ‍ॅप आहे, पण ते मी मुद्दाम टाकलेलं नाही.

या रविवारी ‘सन्स ऑफ द डेझर्ट’ आहे, १९३३ चा. दोघं बायकांशी खोटं बोलून मित्रांच्या संमेलनाला पळतात. त्यातही एक गाणं आहे, होनोलुलूवरचं. बाबांनी आधीच विचारलंय, “यात पण जाड्या गातो का?” बघून सांगतो. चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.